फ्लोरिडात होमस्कूलिंग आणि सरकारी शाळेचा संघ: आमची कागदपत्रं, क्रमाने

घरी शिकणारं आमचं मूल सरकारी शाळेच्या संघातून खेळू शकेल का, असं विचारलं तेव्हा शाळेच्या स्वागतकक्षात आम्हाला पहिलं उत्तर मिळालं ते असं: पटावर नाव नाही, तर संघातही नाही. हे उत्तर चूक आहे. फ्लोरिडात घरी शिकणाऱ्या मुलाला सरकारी शाळेच्या संघातून खेळण्याचा हक्क १९९६पासून कायद्याने आहे. राज्य कायद्याचं कलम १००६.१५, त्याचं नाव क्रेग डिकिन्सन कायदा. अमेरिकन फुटबॉलपटू टिम टीबो घरी शिकत असतानाच फ्लोरिडातल्या नीझ हायस्कूलकडून खेळला आणि पुढे २००७मध्ये त्याला कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी मिळाली. इतर राज्यांत अशा कायद्यांना त्याचंच नाव चिकटलं आहे.

स्वागतकक्षातल्या माणसाशी वाद घालू नका. विचारायचं अ‍ॅथलेटिक डायरेक्टरला, म्हणजे शाळेच्या क्रीडाप्रमुखाला. खेळाडूंच्या पात्रतेचे कागद त्याच्याच टेबलावर असतात, आणि हा नियम बहुधा त्याला माहीत असतो.

पण त्याच्याकडे जाण्याआधी घरची बाजू पक्की हवी, कारण सगळा हक्क तिच्यावर उभा आहे. होमस्कूलिंग सुरू केल्यापासून ३० दिवसांत जिल्ह्याच्या शाळा सुपरिंटेंडंटला (जिल्ह्यातल्या सरकारी शाळांच्या प्रमुखाला) लेखी सूचना द्यावी लागते. त्यात मुलाचं पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख आणि पालकाची सही. एवढंच. २०१८च्या दुरुस्तीनंतर जिल्हा याहून जास्त काही मागू शकत नाही. अपवाद एकच: मूल जिल्ह्याच्या एखाद्या उपक्रमात भाग घेणार असेल तर. म्हणजे आपण नेमके त्या अपवादात बसतो. म्हणून जन्मदाखला आणि राहत्या पत्त्याचा पुरावा (भाडेकरार, विजेचं बिल) आम्ही आधीच काढून ठेवला.

आपल्या घरांत इथे एक हमखास घोळ होतो. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात मुलाचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं, जन्मदाखल्यावर कधी फक्त मुलाचं. सूचनेत एक नाव, डॉक्टरच्या अर्जावर दुसरं, असं झालं की कागद परत येतात. एकच रूप ठरवा आणि सगळीकडे तेच लिहा. तारीख लिहिताना आधी महिना, मग दिवस. ५ ऑगस्टचा ८ मे व्हायला वेळ लागत नाही.

त्याहून मोठी चूक नोंदणीच्या प्रकारात होते. फ्लोरिडात ‘अम्ब्रेला स्कूल’मध्ये (घरी शिकणाऱ्या मुलांची नावं आपल्या पटावर घेणाऱ्या खाजगी शाळेत) नाव घालून घरी शिकवणारी बरीच कुटुंबं आहेत. कायद्याच्या नजरेत ती मुलं खाजगी शाळेची, होमस्कूलची नव्हेत. फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूल या राज्याच्या ऑनलाइन शाळेचं पूर्णवेळ शिक्षण घेणारं मूल सरकारी शाळेचं ठरतं. तिथलेच सुटे विषय ‘फ्लेक्स’मधून घेतले तर होमस्कूलची नोंद तशीच राहते. घरी शिकवण्याच्या खर्चासाठीची राज्याची ‘पेप’ शिष्यवृत्ती घेतली असेल तर जिल्ह्याकडे होमस्कूल म्हणून नोंदच नसते. या प्रत्येकाचे कागद वेगळे, म्हणून आपण नक्की कोणत्या खात्यात आहोत हे आधी बघा.

मग रोजची नोंदवही. कायदा म्हणतो ती शिकवताना, त्याच वेळी लिहिलेली हवी. काय शिकवलं, कोणती पुस्तकं वाचली यासकट. सोबत मुलाच्या लेखनाचे, गणिताच्या कागदांचे नमुने. हे सगळं २ वर्षं जपायचं, आणि सुपरिंटेंडंटने १५ दिवसांची लेखी सूचना दिली तर दाखवायचं. मे महिन्यात बसून वर्षभराची वही भरणं हा मला सरळ खोटेपणा वाटतो, शिवाय ती वाचणाऱ्या शिक्षकाला कळतंही. आम्ही रोज रात्री चार ओळी लिहितो, त्याला १० मिनिटंही लागत नाहीत.

होमस्कूलचं वार्षिक मूल्यमापन वेगळं आणि खेळासाठीची प्रगती वेगळी, हे बऱ्याच पालकांच्या लक्षात येत नाही. संघात असेपर्यंत सगळ्या विषयांत प्रगती दाखवावी लागते, आणि ती कशी दाखवायची हे पालक आणि मुख्याध्यापक मिळून ठरवतात. पालकाने निवडलेल्या प्रमाणित शिक्षकाकडून काम तपासून घेणं, पत्राद्वारे केलेल्या अभ्यासक्रमाचे किंवा कॉलेजमधल्या विषयांचे गुण, किंवा प्रमाणित चाचणीत ३५व्या पर्सेंटाइलच्या वर असणं, हे मार्ग कायद्यातच दिले आहेत. सीईटीमुळे पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत हे आपल्याला वेगळं सांगायला नको. आम्ही शिक्षकाकडून तपासणीचा मार्ग घेतला, कारण चाचणीचा एक वाईट दिवस अख्खा हंगाम घालवू शकतो. जे ठरेल ते ईमेलवर लिहून घ्या. मुख्याध्यापक बदलतात.

सरकारी शाळेत गुण घसरले म्हणून अपात्र ठरलेलं मूल घरी आणलं आणि लगेच संघात घातलं, असं चालत नाही. होमस्कूलिंगचा एक पूर्ण सत्रभाग यशस्वी झाल्यावरच ते पात्र होतं. ही अट मला योग्य वाटते.

शाळा कोणती? पत्त्यानुसार जी लागते ती, किंवा खुल्या प्रवेशातून (पत्त्याबाहेरची शाळा निवडायच्या सोयीतून) मिळू शकली असती ती. खेळायच्या इराद्याची नोंद भाग घेण्याआधी झालीच पाहिजे. राज्याच्या क्रीडा संघटनेचे, एफएचएसएएचे, अर्ज असे: होमस्कूल नोंदणीचा ईएल ७, जिल्ह्याच्या होमस्कूल कार्यालयाने पडताळणी करून द्यायचा ईएल ७ व्ही, वैद्यकीय तपासणीचा ईएल २ आणि पालकांच्या संमतीचा ईएल ३. यात वेळ खातो तो ईएल ७ व्ही, कारण तो आपल्या हातात नसतो. क्रॉस कंट्री आणि पोहणं शरदात असतं, टेनिस वसंतात. शरदातल्या खेळांचा सराव शाळा भरायच्या सुमारास सुरू होतो आणि तेव्हा जिल्हा कार्यालयात गर्दी असते. आम्ही ईएल ७ व्ही मे महिन्यातच मागितला. शाळेच्या विम्यात आपलं मूलही येतं. जादा हप्ता लागला तर तो पालकांनी भरायचा.

बँडचं वेगळं सांगतो, कारण संगीतवाली मुलं इथेच माघार घेतात. मार्चिंग बँडसाठी बँडचा तास सक्तीचा असतो आणि ‘आमचं मूल तर शाळेत जात नाही’ म्हणून पालक परत फिरतात. एखाद्या उपक्रमासाठी वर्गातला तास आवश्यक असेल, तर होमस्कूलच्या मुलाला तो तास करता आला पाहिजे, असं कलम १००६.१५ म्हणतं. ते वाक्य छापून सोबत न्या. निवड चाचणी मात्र सगळ्यांसारखीच. हक्क संघात जागा मिळण्याचा नाही, प्रयत्न करण्याचा आहे.

हे सगळं फ्लोरिडाचं. पेनसिल्व्हेनियात असा कायदा २००६पासून आहे. आपली माणसं जिथे खूप आहेत त्या न्यू जर्सीत निर्णय स्थानिक शिक्षण मंडळाचा असतो.

शेवटी ईएल २ची, म्हणजे वैद्यकीय तपासणीची, तारीख. तपासणी केल्यापासून ती ३६५ दिवसच चालते. सप्टेंबरात केली तर पुढच्या शरदात ऐन स्पर्धांच्या आठवड्यांत संपते, आणि नवी येईपर्यंत मूल सरावालाही उतरू शकत नाही. आम्ही जूनची वेळ धरतो.