आमची वाटचाल : पाणी शिरतं कुठून?

2009 साली नागपुरात अमरावती रोडला वाडीत गाळा भाड्याने घेतला, तेव्हा पाटीवर फक्त 'काच फिटिंग' लिहिलं होतं. वाडी म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्यांचा भाग. ट्रकच्या फुटलेल्या काचा बदलायच्या, एवढाच धंदा. पावसाळ्यात ड्रायव्हर म्हणायचे, "भाऊ, केबिनमध्ये पाणी येऊन राहिलं, काहीतरी करा." मी काचेच्या कडेने सिलिकॉनची ट्यूब फिरवायचो. पुढच्या पावसात तो ट्रक रायपूरला असायचा नाहीतर हैदराबादला, त्यामुळे तक्रार माझ्यापर्यंत यायची नाही आणि काम जमतंय असं मला वाटायचं.

2012 च्या जुलैत त्रिमूर्तीनगरच्या एका शिक्षिका बाईंची कार आली. ड्रायव्हरच्या पायाखाली ओल. समोरच्या काचेच्या कोपऱ्यात ओघळ दिसला, मी लगेच काच उतरवून नवीन सीलंट लावून बसवली. आठ दिवसांनी मॅट पुन्हा ओली. पुन्हा सीलंट. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा बाई रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "तुमची मेहनत दिसते जी, पण पाणी काही थांबलं नाही." ते मला फार लागलं.

त्या संध्याकाळी सीट काढली, कार्पेट उचललं. खालचा फोम पिळला तर अर्धी बादली पाणी निघालं. मी टॉर्च घेऊन आत बसलो आणि धाकटा भाऊ बाहेरून पाइप धरून उभा राहिला. खालून सुरुवात, एकेका जागी दहा मिनिटं, मग थोडं वर. दीड तास काहीच नाही. तो छतापर्यंत पोचला तेव्हा कुठे समोरच्या काचेशेजारच्या खांबाच्या आतून थेंब उतरला. छताच्या दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या असतात ना, त्यांच्या खालच्या नालीत पत्र्याचा जोड असतो. त्या जोडावरचं सीलर नागपूरच्या उन्हाने तडकलं होतं. पाणी तिथून शिरून खांबाच्या पोकळीतून थेट पायाशी यायचं. काचेचा काही संबंधच नव्हता. बाईंना काचेचे पैसे परत केले आणि तेव्हापासून वाट सापडल्याशिवाय सीलंटची ट्यूब उघडायची नाही, हा नियम झाला.

खालून वर का, ते गिऱ्हाईक नेहमी विचारतात. वरून पाणी सोडलं तर ते सगळीकडून वाहतं आणि नेमकी जागा कळत नाही. प्रेशर वॉशरही आम्ही वापरत नाही, कारण तो चांगल्या रबरातूनही पाणी आत ढकलतो. दरवाज्याच्या बीडिंगला, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीला, खडू घासून दार लावलं की कुठे दाब नाही ते खुणेवरून समजतं. काही वेळा दारं-काचा बंद करून बाहेरची हवा आत घेत ब्लोअर जोरात लावतो आणि बाहेरून साबणाचं पाणी फिरवतो. जिथे बुडबुडे, तिथे भोक.

नागपुरात मला सगळ्यात जास्त सापडलेला गुन्हेगार म्हणजे कडुनिंबाचा पाला. सिव्हिल लाइन्ससारख्या झाडांच्या भागात गाडी उभी असली की फेब्रुवारी-मार्चची पानगळ वायपरखालच्या जाळीत साचते, जूनपर्यंत कुजून तिचा चिखल होतो, निचऱ्याची भोकं बुजतात. मग पहिल्या मोठ्या पावसात तिथे तळं होतं आणि पाणी ब्लोअरच्या वाटेने आत. सनरूफच्या नळ्यांचंही तेच. सनरूफच्या कडेने थोडं पाणी येणारच, ते कोपऱ्यातल्या नळ्यांतून खाली जावं अशीच ती रचना असते. नळी तुंबली की छताचं कापड ओलं होतं आणि लोक सनरूफचं रबर बदलत बसतात.

दरवाज्याच्या आतही पाणी जातंच. ते काचेच्या फटीतून उतरतं आणि खालच्या भोकांतून निघून जातं. आतली प्लास्टिक शीट ते केबिनमध्ये येऊ देत नाही. स्पीकर बसवणारे ती शीट फाडतात किंवा नीट चिकटवत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो.

मे महिन्यात पाऊस नसताना डावीकडची मॅट ओली झाली, तर आधी एसीची निचरा नळी बघायची. एसी चालू असताना गाडीखाली थेंब पडायलाच हवेत. पाणी चिकट असेल, गोडसर वास येत असेल, काचेवर तेलकट धूर बसत असेल, तर ते हीटरमधलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव. त्याला सीलंटचा उपाय नाही.

शोधायचे पैसे वेगळे घ्यायला लागलो तेव्हा वाद झाले. "काही लावलंच नाही तर पैसे कशाचे?" असं विचारायचे. आमच्या हिने हिशेबाच्या वहीत शोधाला वेगळा रकाना केला, किती तास आणि कुठे बघितलं ते लिहून गिऱ्हाइकाला दाखवायला लागली, तेव्हा बोलणं कमी झालं.

23 सप्टेंबर 2023 ची पहाट मात्र वेगळीच होती. घरोघरी महालक्ष्म्या बसलेल्या, आणि काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत शिरलं. सकाळपासून फोन. सगळ्यांना एकच सांगत होतो, "दादा, चावी फिरवू नका, आधी बॅटरीची तार काढा." काही जणांनी तोवर फिरवली होती. पुराची गाडी म्हणजे गळती नव्हे, कार्पेटखालच्या वायरिंगच्या जोडांत गाळ बसलेला असतो. दोन महिने आम्ही तेच करत होतो, आणि ज्या गाड्या आमच्या आवाक्याबाहेर होत्या त्या घेतल्या नाहीत.

आता पाटीवर 'काच फिटिंग' खाली 'पाणी गळती शोध' लिहिलंय. भाऊ आता पूर्ण भागीदार आहे. काच बसवायचा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, म्हणून नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात आम्ही गाडी जास्त वेळ ठेवून घेतो. घाई असणाऱ्याला नाही म्हणतो.

सध्या गाळ्यात एक कार तीन दिवसांपासून उभी आहे. मागच्या डिकीत स्टेपनीच्या खळग्यात पाणी साचतं. टेललॅम्पचं गॅस्केट, डिकीचं बीडिंग, अँटेनाचा बुड, सगळं बघून झालं. मालकांना सांगितलंय, काका, अजून सापडलं नाही. उद्या बंपर उतरवून त्यामागच्या, आतली हवा बाहेर जायच्या झडप-जाळ्या बघणार आहोत.