मोतीबिंदू कधी काढायचा, लेन्स कुठली बसवायची?

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते. प्रश्न बहुतेक वेळा एका दमात येतो : "मोतीबिंदू निघालाय, लगेच काढावा का आणि सगळ्यात चांगली लेन्स कुठली?"

आधी 'पिकू द्या' हा सल्ला मनातून काढून टाका. डोळ्यातलं गढूळ झालेलं नैसर्गिक भिंग (तोच मोतीबिंदू) मोठा छेद घेऊन अखंड काढत, त्या काळातला तो सल्ला आहे. आता २.२ ते २.८ मिलिमीटरच्या छेदातून ध्वनिलहरींनी भिंग फोडतात आणि शोषून घेतात. मोतीबिंदू जितका कडक, तितकी ही ऊर्जा जास्त लागते आणि तिचा मार बुबुळाच्या (म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाच्या, कॉर्नियाच्या) आतल्या थरातल्या पेशींना बसतो. त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. फार पिकलेलं भिंग फुगून डोळ्यातला दाबही वाढवू शकतं. थेंबांनी मोतीबिंदू विरघळत नाही, त्यामुळे त्यात वेळ घालवू नका.

याचा अर्थ रिपोर्टवर 'मोतीबिंदू' लिहिलं की धावत सुटायचं, असाही नाही. रात्री समोरच्या गाडीचे दिवे डोळ्यांत फुटतात का? पायरीची कड चुकते का? भरपूर उजेडातही वाचताना त्रास होतो का? चष्म्याचा नंबर बदलूनही हे थांबत नसेल, तर वेळ झाली. आणि वाचायच्या चष्म्याशिवाय अचानक वाचता येऊ लागलं तर नजर सुधारली असं समजू नका. भिंगाचा गाभा घट्ट होऊ लागला की काही काळ असं होतं.

आता लेन्स, म्हणजे काढलेल्या भिंगाच्या जागी बसवायचं कृत्रिम भिंग. सगळ्यांसाठी 'सगळ्यात चांगली' अशी लेन्स नसते. कुठल्या अंतराचा चष्मा सुटायला हवा, हे आधी ठरवावं लागतं. दिवसभरात काय किती अंतरावरून बघता ते कागदावर लिहा : पुस्तक ४० सेंटिमीटर, कॉम्प्युटर ६०–७०, गाडी चालवताना लांबचं.

मोनोफोकल लेन्स एकाच अंतराला नेमकी बसते आणि तिथलं चित्र सगळ्यात स्वच्छ देते. लांबचं ठेवलं तर वाचायला साधारण +२.५ चा चष्मा लागतो. इथेच एक चूक फार वेळा होते. ज्यांचा नंबर मायनस ३ च्या आसपास आहे, ते आयुष्यभर चष्मा काढून वाचत आलेले असतात. त्यांना लांबचा नंबर बसवला की ती सवय जाते आणि मग फार चुकचुकल्यासारखं होतं. तुम्ही तसे वाचत असाल तर डॉक्टरांना आधीच सांगा, जवळचा नंबर ठेवता येतो.

मल्टिफोकल किंवा ट्रायफोकल लेन्स येणारा उजेड दोन-तीन अंतरांत वाटते. चष्मा बराचसा सुटतो, पण रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात आणि मंद उजेडात चित्र थोडं फिकं वाटतं. रात्री गाडी चालवणं हाच ज्यांचा व्यवसाय आहे किंवा ज्यांना डोळ्याच्या मागच्या पडद्याचा (रेटिनाचा) आजार वा वाढलेला काचबिंदू आहे, त्यांनी ही लेन्स टाळावी असं माझं स्पष्ट मत आहे. 'एडॉफ' (फोकसचा पल्ला लांबवणाऱ्या) प्रकारच्या लेन्स मधला मार्ग आहेत : लांबचं आणि कॉम्प्युटर नीट दिसतो, बारीक अक्षरांना चष्मा लागू शकतो. सिलिंडरचा नंबर बुबुळाच्या वक्रतेमुळे असेल तर टोरिक, म्हणजे तो नंबर भरून काढणारी, लेन्स विचारा. ती नेमक्या कोनातच बसायला हवी. १० अंश फिरली की सुमारे एक तृतीयांश फायदा जातो, ३० अंशांना काहीच उरत नाही. आडवं झाल्यावर डोळा किंचित फिरतो, म्हणून कोनाच्या खुणा डोळ्यावर आधी, तुम्ही बसलेले असतानाच करतात.

खरं तर लेन्सच्या ब्रँडपेक्षा मोजमापाबद्दल जास्त प्रश्न विचारायला हवेत. डोळ्याची लांबी मोजताना १ मिलिमीटर चुकला तर नंबर अडीच ते तीनने चुकतो. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स मोजणीआधी किमान आठवडाभर बंद ठेवा, कडक असतील तर तीन आठवडे किंवा डॉक्टर सांगतील तितके जास्त. डोळे कोरडे असतील तर आधी त्यावर उपचार, मग मोजणी. पूर्वी लेझरने चष्म्याचा नंबर घालवला असेल तर जुने कागद शोधून न्या, नाहीतर गणित फसतं. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेत असाल किंवा कधी घेतली असेल, तर तेही सांगा. त्या गोळीने बाहुलीभोवतीचा पडदा ऑपरेशनमध्ये सैल पडतो. आधी कळलं तर डॉक्टर तयारीत राहतात.

ऑपरेशननंतर साधारण चार ते सहा आठवडे थेंब, आणि डोळा चोळायचा नाही. सुरुवातीला खुपणं चालतं. पण दुखणं आणि लाली वाढत असेल, नजर कमी होत असेल, तर त्याच दिवशी दाखवा. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण त्यात तास मोजले जातात. विजा चमकल्यासारखं दिसलं किंवा बाजूने पडदा सरकू लागला, तरीही थांबू नका.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसलं तर मोतीबिंदू परत आलेला नसतो. लेन्समागचं पातळ आवरण गढूळ होतं, आणि याग लेझरने काही मिनिटांत त्यात वाट मोकळी करतात.

दोन्ही डोळे करायचे असतील तर मध्ये थोडे आठवडे जाऊ द्या. पहिल्या डोळ्याचा नंबर कुठे स्थिरावला ते बघून दुसऱ्याचं गणित सुधारता येतं.