१९३९ चा रुपया आणि कमळाखालचं टिंब

मी सराफाच्या पेढीवर कामाला आहे आणि नाणी जमवायचा नाद कॉलेजपासूनचा, त्यामुळे कोणी जुना रुपया घेऊन आलं की शेठ मलाच हाक मारतात. दिवाळीच्या आधी तर रोजच, लक्ष्मीपूजनाला राणीछाप पाहिजे म्हणून लोक येतात. त्या गर्दीतच एक ओळखीचे काका आले, एसटीतून रिटायर झालेले, आमच्याकडचं जुनं गिऱ्हाईक. मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे बघ जरा, पण कोणाला सांगू नको." रुमालात गुंडाळलेला जॉर्ज सहाव्याचा रुपया, साल १९३९.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. १९३८ चा रुपया ढिगाने मिळतो, पण १९३९ चा म्हणजे जमवणाऱ्यांचं स्वप्न. पुढे युद्धात चांदी महाग झाली आणि १९४० पासून सरकारने रुपयातली चांदी ९१.७ टक्क्यांवरून थेट ५० वर आणली, म्हणजे भरपूर चांदीच्या जॉर्ज सहाव्याची सालं दोनच आणि त्यातलं एक दुर्मिळ. काकांनी तो पंचवीस हजाराला घेतला होता. खरा १९३९ एवढ्या स्वस्तात कोण देतो हो, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली, पण बोललो नाही.

आधी काट्यावर ठेवला, ११.६२ ग्रॅम. मूळ वजन ११.६६, वापरात थोडी झीज होणारच, म्हणजे बरोबर. काउंटरवर टाकला तर एकदम खणखणीत, बद्द आवाज नाही. मशीनवर टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, काढला, ९१ टक्क्यांच्या वर. काकांचा चेहरा फुलला आणि शेठसुद्धा वळून बघायला लागले. जुन्या बाजारात मिळणारे ओतीव, म्हणजे साच्यात ओतलेले नकली रुपये इथेच पकडले जातात, वजन कमी भरतं, पृष्ठभागावर बारीक बारीक छिद्रं दिसतात, अक्षरं वापरलेल्या साबणासारखी गुळगुळीत असतात, कडेच्या रेषांमध्ये जोड दिसतो. इथे त्यातलं काहीच नव्हतं कारण नाणं खरंच टाकसाळीतलं होतं.

मग दहा पटीचं भिंग लावलं आणि थेट शेवटच्या आकड्यावर गेलो. १९३९ मध्ये नऊ दोनदा येतो, ही आयती सोय आहे, एकाला दुसऱ्याशी ताडून बघायचं. पहिल्या नऊचं डोकं मोठं आणि शेपूट बारीक, दुसऱ्याचं डोकं एवढंसं आणि खालचं पोट सुटलेलं, कारण तो जन्मला आठ म्हणून, कोणीतरी खालची डावी बाजू खरवडून त्याचा नऊ केला होता. त्या जागी जमीन, म्हणजे आकड्यामागचा सपाट भाग, बाकीच्या नाण्यापेक्षा वेगळीच चमकत होती आणि तिरका धरल्यावर हत्याराचे आडवे ओरखडे दिसले. वरून काळपट काहीतरी चोळलं होतं पण भिंगाखाली ते लपत नाही.

शेवटचा खिळा म्हणजे टिंब. मागच्या बाजूला खाली कमळ आहे, त्याच्या खाली बारीक टिंब असेल तर मुंबई टाकसाळ, नसेल तर कलकत्ता. १९३८ चा दोन्हीकडे पडला, १९३९ चा फक्त मुंबईत. काकांच्या नाण्यावर टिंब नव्हतंच! कलकत्त्याचा आठ घेऊन नऊ करणाऱ्याला एवढं माहीत नव्हतं, किंवा माहीत असूनही गिऱ्हाईकाला कुठे कळतंय म्हणून सोडून दिलं असेल.

काकांना भिंग दिलं, म्हटलं तुम्हीच बघा, मी काही बोलत नाही. बराच वेळ बघत होते. मग खिशातून फोन काढून विकणाऱ्याला लावला, स्पीकरवर. तो गडी जराही गडबडला नाही. "काका, चांदी खरी आहे ना? वजन बरोबर आहे ना? मग खोटं काय आहे त्यात?" अशी माणसं मला नकली नाणी ओतणाऱ्यांपेक्षा जास्त डोक्यात जातात, कारण ओतीव नाणं सराफाच्या काट्यावर उघडं पडतं, हे पडत नाही. कित्येक सराफ चांदी खरी म्हणून खुशाल पास करतील आणि त्यांची चूकही नाही, त्यांना चांदीशी मतलब, सालाशी नाही.

बाचाबाची होऊन, पोलिसात जातो असं दोनदा म्हटल्यावर पंधरा हजार परत मिळाले. बाकीचे गेलेच समजा. रुपया काकांनी ठेवून घेतलाय, नातवाला दाखवायला.

आठवड्याने परत आले ते १९११ चा जॉर्ज पाचवा मागत, तोच, ज्याच्यात राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून बोंबाबोंब झाली आणि पुढच्या वर्षी नक्षी बदलावी लागली. माझ्याकडे होता, ठीकठाक अवस्थेतला. यावेळी भिंग त्यांनी स्वतःचं आणलं होतं. भाव विचारण्याआधी चांगली वीस मिनिटं माझ्यासमोर बसून सालाचे चारही आकडे तपासले आणि मग वर पाचशे कमी कर म्हणून घासाघीस सुरू.