वर्कशॉप अपडेट: बेंच आता छताला टांगता येतंय

मागचा अपडेट टाकला त्याला चार महिने झाले, तेव्हा नुसती लोखंडी फ्रेम उभी होती आणि तिला रेड ऑक्साईड (गंज रोखणारा लाल रंग) मारलेला होता. आता कामाच्या बेंचचा टॉप बसलाय, लाईटचं काम झालंय, बाबांचा वाईस (काम घट्ट पकडायचा लोखंडी शिकंजा) परत जागेवर आलाय आणि परवा रविवारी पुराची तयारी म्हणून घड्याळ लावून अख्खं वर्कशॉप वर चढवून बघितलं. २७ मिनिटं लागली. मी आणि मुलगा, दोघंच. इतका आनंद झाला की लगेच लिहायला बसणार होतो पण हात ग्रीसने बरबटलेले होते.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी चिपळूणचा, घर वाशिष्ठीपासून फार लांब नाही. २२ जुलै २०२१ ला आमच्या गॅरेजमध्ये साडेपाच फूट पाणी होतं. पाणी चढायला लागलं तसं आईला वरच्या मजल्यावर नेलं, तांदळाची पोती, कागदपत्रं, गॅस सिलिंडर हे सगळं नेलं, गॅरेजची आठवण आली तोपर्यंत जिन्याच्या चार पायऱ्या बुडाल्या होत्या. बाबा लोटे परशुराम एमआयडीसीत फिटर होते, त्यांनी एकेक करून जमवलेली हत्यारं तिथेच होती. पाणी ओसरल्यावर जो चिखल राहिला तो बघितलेल्यांनाच कळेल, गुळगुळीत, डिझेलच्या वासाचा, आणि ड्रॉवरमधल्या प्रत्येक स्पॅनरच्या खाचेत जाऊन बसलेला.

तेव्हाच ठरवलं की वर्कशॉप परत करायचं तर असं करायचं की पाणी आलं तर येऊ दे. भिंत रंगवताना एका कोपऱ्यात वीतभर पट्टा मुद्दाम तसाच सोडलाय, चिखलाची रेघ अजून स्पष्ट दिसते. त्या रेघेच्या वर दीड फुटावर, म्हणजे जमिनीपासून ७ फुटांवर, लाल ऑइलपेंटची दुसरी रेघ मारलीय. पाणी सोसणार नाही अशी कुठलीही वस्तू लाल रेघेच्या वर जाऊ शकली पाहिजे, तीही अर्ध्या तासात, एवढा एकच नियम. बाकी सगळं त्यातून निघालं.

आधी लाईटचं सांगतो कारण ते पटकन झालं. जुने सॉकेट दीड फुटावर होते. पाइपातल्या वायरी बाहेर ओढल्या तेव्हा महिन्याभरानंतरही आतून गाळाचं पाणी आलं, त्यामुळे एकही जुनी वायर ठेवली नाही. आता मेन बोर्ड लाल रेघेच्या वर, गॅरेजला वेगळा एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), ३० मिलिअँपची आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच), मशीनच्या पॉइंटांना अडीच स्क्वेअर एमएमची कॉपर वायर, आणि सगळे सॉकेट छतातून खाली लोंबणाऱ्या केबलवर. काम झालं की केबल वर गुंडाळून हुकात अडकवायची. वायरमन आधी म्हणाला, "दादा, स्टुलावर चढून बटण दाबणार काय?" पण एकदा लोंबता सॉकेट वापरल्यावर त्यालाही आवडला, ग्राइंडरची वायर पायात येत नाही हा वेगळाच फायदा.

आता बेंच. फ्रेमसाठी मी चौकोनी पाइप वापरला नाही, ५० बाय ५० मिलिमीटरचा अँगल (एल आकाराची उघडी लोखंडी पट्टी) वापरला, आणि हे कोकणातल्या सगळ्यांना कळकळीने सांगतो. चौकोनी पाइप दिसायला छान, वेल्डिंगला सोपा, पण त्यात एकदा पाणी शिरलं की बाहेर यायला वाट नाही, तो आतून गंजत जातो आणि वरून रंग तसाच चकचकीत राहतो. माझा जुना स्टँड तसाच गेला, दोन वर्षांनी पाय अंगठ्याने दाबला तर आत गेला. अँगलला आतली बाजूच नाही, नळीने धुतला, पुसला, झालं. फळ्यांच्या बाबतीतही तेच, पार्टिकल बोर्डाची शेल्फं पुरात अक्षरशः लापशी झाली होती आणि त्यांच्याच शेजारी जुन्या घराची फणसाची फळी चिखल धुतल्यावर जशीच्या तशी होती.

म्हणून टॉप फणसाचा केला. मामाच्या गावचं घर उतरवलं तेव्हा माळ्याच्या फळ्या मिळाल्या होत्या, वरून काळ्याकुट्ट, धुराने माखलेल्या. रंधा मारायच्या आधी चुंबक फिरवून खिळे शोधले, तरी एक राहिलाच आणि पात्याला दाता पडला. पण पहिला पापुद्रा निघाला ना, खाली हळदीसारखा पिवळा रंग! हवा लागून आता तो हळूहळू तांबूस व्हायला लागलाय. टॉप ६ फूट बाय २ फूट, जाडी सव्वादोन इंच, उंची मनगटापर्यंत, म्हणजे रंधा मारताना खांद्याचा जोर सरळ खाली येतो. वरून जवसाचं तेल तीन हात. तेलाच्या चिंध्या मात्र बोळा करून टाकू नका, आतल्या आत तापून पेट घेतात, दोरीवर पसरून वाळवा आणि मग फेका.

टॉप फ्रेमला फक्त चार बोल्टांनी धरलाय. वर गर्डरला अर्ध्या टनाचा चेनब्लॉक (वजन उचलायची साखळीची कप्पी) लावलाय, बोल्ट काढायचे, दोन पट्टे घालायचे, साखळी ओढायची, टॉप सरळ छताखाली. फ्रेम खाली पाण्यात उभी राहिली तरी हरकत नाही. पहिल्या ट्रायलला ५० मिनिटं लागली होती, त्यातली निम्मी बोल्ट सोडवण्यातच गेली, मग साधे नट काढून पंखवाले नट लावले आणि वेळ एकदम खाली आला.

बाबांच्या वाईसबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं होतं. पाच इंची, कास्ट आयर्नचा, पुरानंतर अंगणातल्या कोपऱ्यात पडून पडून स्क्रू पूर्ण जाम झाला होता. मी त्याला ब्रशने घासत बसलो नाही, इलेक्ट्रोलिसिस केलं. प्लॅस्टिकचा ड्रम, पाणी, दर ४ लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा (खायचा नाही), गाडीची बॅटरी चार्ज करायचा १२ व्होल्टचा चार्जर. निगेटिव्ह क्लिप हत्याराला, पॉझिटिव्ह ड्रमच्या कडेने उभ्या केलेल्या साध्या सळयांना, आणि दोन्ही एकमेकांना चुकूनही टेकू द्यायचे नाहीत. उलट लावलं तर हत्यारच झिजतं, दोनदा तपासा. सळईच्या जागी स्टेनलेस स्टीलचा चमचा किंवा पट्टी अजिबात वापरू नका, त्यातल्या क्रोमियममुळे पाणी विषारी होतं. ॲल्युमिनियमचा भाग असेल तर आधी काढून घ्या, सोड्याच्या पाण्यात तो खाल्ला जातो. आणि हे सगळं उघड्यावर करा, हत्याराभोवती जे बुडबुडे येतात तो हायड्रोजन असतो, जवळ बिडी-काडी नको.

संध्याकाळी चालू केलं. सकाळी ड्रमवर चॉकलेटी फेस आलेला, वाईस बाहेर काढला तर गंज पूर्ण काळा झालेला आणि तारेच्या ब्रशने चिखलासारखा निघून येत होता. धुवून लगेच उन्हात ठेवला, गरम असतानाच तेल लावलं, कारण आपल्याकडच्या हवेत उघडं लोखंड बघता बघता नारिंगी व्हायला लागतं. मग स्क्रूच्या तोंडाशी डिझेल सोडलं, हँडलला पाइप घातला, आणि थोडं मागे थोडं पुढे असं करत तो फिरला. जबड्याच्या खाली बाबांनी पंचने ठोकलेलं त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर निघालं. ते तिथे आहे हे मला माहीतच नव्हतं. आईला खाली बोलावून दाखवलं, ती बराच वेळ त्यावरून बोट फिरवत उभी राहिली.

लोखंडी रंधा पण त्याच ड्रममधून गेला. नंतर जाड काचेवर ८० नंबरचा सँडपेपर चिकटवून तळ सपाट केला, तळावर पेन्सिलीच्या आडव्या रेघा मारायच्या आणि जिथल्या पुसल्या जात नाहीत तिथे खड्डा आहे असं समजायचं, माझा मधोमध खोल होता, तीन संध्याकाळी गेल्या.

ड्रिल मशीनची अर्ध्या एचपीची मोटर वाचली याचं कारण एकच, ती ओली असताना चालू केली नाही. ग्राइंडरच्या बाबतीत मी ती घाई केली होती आणि तो जळाला. मोटर उघडून गोड्या पाण्याने धुतली, कडक उन्हात ठेवली, मग खोक्यात १०० वॅटचा बल्ब लावून दोन दिवस आत ठेवली, बेअरिंग आणि कपॅसिटर नवीन टाकले आणि वाइंडिंगवाल्याकडे मेगर (वाइंडिंगमधून करंट गळतो का ते बघायचं मीटर) लावून घेतल्यावरच प्लग लावला.

मृग लागायच्या आत दोन कामं संपवायचीत. पटाश्या आणि कानशींच्या डब्यांना झाकणाची रबर पट्टी लावायचीय, आत कापराच्या वड्या टाकतोच, बाबा टाकायचे. आणि बेंच ग्राइंडरचा स्टँड राहिलाय. तो जमिनीत बोल्ट केलेला आहे, मशीन वर न्यायची तर दोघांना हातावर उचलायला लागते, त्या २७ मिनिटांतली सात त्यातच गेली, आणि मी एकटा घरी असलो तर काय हा प्रश्न आहेच. भिंतीला बिजागरीवर फिरणारा ब्रॅकेट करून वरच्या वर फिरवून ठेवावा असा विचार आहे पण चालू असताना थरथरेल अशी शंका वाटतेय. कुणी ग्राइंडर भिंतीवर लावला असेल तर ब्रॅकेटला किती जाडीची प्लेट घेतली आणि भिंत चिऱ्याची असताना अँकर कुठले वापरले तेवढं सांगा, आमची भिंत जांभ्याच्या चिऱ्याची आहे, साधे फास्टनर त्यात सैल होतात.