कोन लहान असेल तर

झोक्यावर बसणाऱ्या पोराला एक गोष्ट कुणी न सांगता कळते. झोका उंच जावो नाहीतर जेमतेम हलो, जाऊन परत यायला वेळ साधारण तेवढाच लागतो. शेजारच्या झोक्यावर दुप्पट वजनाचा दादा बसला, तरी दोऱ्या सारख्या असतील तर दोघं जोडीने पुढे-मागे होत राहतात. मग दादा उभा राहतो आणि त्याची लय बदलते, झोका भरभर जाऊ लागतो. (उभं राहिलं की वजनाचा मध्य वर सरकतो, म्हणजे लंबक आखूड होतो.)

गणिती भौतिकशास्त्राची वाट कुठून सुटते, असं विचारलं की धूमकेतू, ग्रहणं अशी भारदस्त उत्तरं येतात. एवढं लांब जायची गरज नाही. झोका पुरतो.

शाळेत झोक्याच्या एका दोलनाला, म्हणजे जाऊन परत यायला, लागणाऱ्या वेळेचं (दोलनकालाचं) सूत्र होतं: लांबी भागिले g (गुरुत्वाकर्षणाचं त्वरण), त्याचं वर्गमूळ, गुणिले २π. एक मीटरच्या लंबकाला २ सेकंद आणि वर किंचित, पाव मीटरच्या लंबकाला बरोबर त्याच्या निम्मे. वजनाचा पत्ताच नाही, दादाचं कोडं सुटलं. सूत्राखाली चार शब्द असतात: ‘कोन लहान असेल तर’. उत्तरपत्रिकेत ते इमानाने लिहिले जातात आणि तिथेच विसरले जातात.

प्रयोगशाळेत दोरा, गोळा आणि स्टॉपवॉच हाती आलं की खरी मजा. घड्याळ टोकाला सुरू करायचं नाही, मधल्या रेषेवर करायचं. टोकाला गोळा रेंगाळतो, तो नक्की कधी वळला हे डोळ्याला ठरवता येत नाही. मध्ये तो सर्वांत वेगात असतो, रेषा ओलांडल्याचा क्षण स्वच्छ मिळतो. वीस दोलनं मोजून विसाने भागायचं, म्हणजे बोटाची दिरंगाईही विसाने भागली जाते. आणि पहिल्यांदा रेषा ओलांडताना ‘शून्य’ म्हणायचं. ‘एक’ म्हटलं की वीस म्हणून एकोणीसच मोजली जातात, दोलनकाल ५ टक्के कमी येतो आणि g ९.८ ऐवजी १०.९च्या आसपास. वहीत १०.९ दिसला की चूक कुठली ते जाणकार न विचारता सांगतो.

याहून शहाणी चूक लांबीची. गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायचं सोडून नुसता दोरा मोजला, तर प्रत्येक नोंदीत गोळ्याच्या त्रिज्येएवढी तूट राहते. दोलनकालाचा वर्ग आणि लांबी यांचा आलेख काढला की रेषा आरंभबिंदूतून जात नाही. पण तिचा चढ बदलत नाही, आणि g येतो तो चढावरून. म्हणजे माप चुकलं तरी उत्तर बरोबर! कुठली चूक रेषेला नुसती सरकवते आणि कुठली तिला तिरपी करते, हे ओळखण्याची नजर ज्याला इथे लागली, त्याला संशोधनाचा निम्मा धडा मिळाला असं माझं मत आहे.

कॉलेजात त्या चार शब्दांशी गाठ पडते. समीकरणात खरं तर कोनाचा (दोरा उभ्या रेषेपासून जितका कलला तो) साइन असतो; तो सोडवायला अवघड म्हणून त्याच्या जागी कोनच बसवलेला असतो. १० अंशांना या सोयीने दोलनकालात ०.२ टक्केही फरक पडत नाही, ३० अंशांना पावणेदोन टक्के पडतो, ९० अंशांना मात्र १८ टक्के. गॅलिलिओ १६०२ साली पत्रात लिहीत होता की लहानमोठ्या झोक्यांना वेळ सारखाच लागतो. तसं तंतोतंत व्हायला गोळा वर्तुळावर नाही, चक्रजावर (घरंगळत्या चाकाच्या कडेवरचा ठिपका काढतो त्या वक्रावर) फिरायला हवा, हे हायगेन्सने १६७३च्या ग्रंथात मांडलं.

वर्तुळावरच्या लंबकाचं नेमकं उत्तर एलिप्टिक इंटिग्रलमध्ये, म्हणजे नेहमीच्या सूत्रांत न मावणाऱ्या एका संकलनात, दडलेलं असतं. नाव ऐकून घाबरायला होतं, पण कागदावर ते विलक्षण सोपं निघतं. कोन ९० अंश असेल तर निम्म्या कोनाचा कोसाइन घ्या: ०.७०७१. त्याची १ शी सरासरी ०.८५३६, गुणाकाराचं वर्गमूळ ०.८४०९. या दोघांवर तेच पुन्हा करा: दोन्हीकडे ०.८४७२. दोन पायऱ्यांत चार दशांश स्थळं जुळली! शाळेतल्या उत्तराला या संख्येने भागलं की झालं. १८ टक्के तिथूनच येतात. अशा सरासरीचं आणि एलिप्टिक इंटिग्रलचं नातं गाउसला १७९९ साली आधी आकडे ताडून दिसलं, ११ दशांश स्थळांपर्यंत. सिद्धता मागाहून आली.

पुढे संशोधनात हेच समीकरण वेष बदलून भेटत राहतं. दोन सुपरकंडक्टरांमध्ये (वीज विनारोध वाहू देणाऱ्या पदार्थांमध्ये) पातळ अडसर ठेवला की दोघांच्या क्वांटम लहरींमधला फेजचा, म्हणजे लयीचा, फरक लंबकाच्या कोनासारखा वागतो; जोसेफसनने १९६२ साली या जोडणीचं भाकीत केलं. तिच्यावर बेतलेला क्यूबिट (क्वांटम संगणकाचा मूळ घटक) चालतो तो साइन आणि कोन यांच्यातल्या फरकावर. साइनच्या जागी नुसता कोन असता तर ऊर्जेच्या पायऱ्या समान अंतरावर आल्या असत्या आणि त्यांतल्या नेमक्या दोनच वेगळ्या काढून वापरता आल्या नसत्या. शाळेत सोयीसाठी टाकून दिलेला तुकडा इथे यंत्राचा गाभा आहे.

म्हणून शिकवायला उभं राहिल्यावर ते चार शब्द फळ्यावरून पुसू नयेत. उलट वर्गाला विचारावं: दोऱ्याऐवजी हलकी दांडी घेतली, गोळा जवळजवळ डोक्यावर, १७९ अंशांवर नेऊन सोडला, तर वेळ किती पट लागेल? शंभर पट, हजार पट अशी उत्तरं येतात. वरचीच कृती केली की ३.९ पट येतं. मग १७९.९ अंश द्यावेत: ५.४ पट. माथ्यापासूनचं अंतर पुन्हा दहापट कमी केलं तरी भर पडते पुन्हा जेमतेम दीड पटीची. इथवर आल्यावर मागच्या बाकावरून कुणीतरी ‘लॉगॅरिदम’ म्हणतंच.