तासगावात वेलीला म्हातारपण नाही

द्राक्षबाग आहे म्हटलं की पुण्या-मुंबईचे पाहुणे हमखास विचारतात, "युरोपात शंभर-शंभर वर्षांच्या वेलींची वाइन घरातली माणसंच करतात, बाहेरचं यीस्टसुद्धा घालत नाहीत. तुम्ही का नाही करत?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

शंभर वर्षांची वेल आणायची कुठून? तिकडं थंडीत वेल पानं टाकून झोपी जाते. आमच्याकडं तिला झोपच नाही. एप्रिलात नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, ऑक्टोबरात घडांसाठी फळछाटणी. वर्षात दोनदा कात्री, पीक मात्र एकच. बारा-पंधरा वर्षांत खोड थकतं, काड्या बारीक निघतात, माल घटतो. मग बाग काढायची, डॉगरिज जातीची खुंटरोपं लावायची, त्यांवर पुन्हा आपल्या द्राक्षाची कलमं भरायची. कर्ज आणि बाग कधीकधी एकदमच संपतात. तिकडच्या जुन्या वेलीचाही माल कमीच, पण त्या थोडक्या मण्यांत रस दाट उतरतो म्हणून तिला मोल. आम्हाला किलोवर पैसे मिळतात.

मण्याचंही तेच. लाल वाइनला बारका, बियांचा मणी लागतो. रंग आणि तुरटपणा साल-बियांतून येतो. आम्ही थॉम्पसन आणि तास-ए-गणेश या खायच्या द्राक्षांच्या जातीवाले. बी मुळातच नाही, वर जीए या वाढीच्या संजीवकात घड बुडवून मणी लांबवायचा. शिवाय पाहुणे म्हणतात ती वाइन सालीवरच्या यीस्टवर आंबते. डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांसाठी एवढे फवारे खाल्लेल्या सालीवर कुठलं यीस्ट तग धरणार?

प्रयत्न झाले नाहीत असं नाही. राज्याच्या 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर आमच्याच सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क झाला. पण नाशिककडं वायनऱ्या उभ्या राहिल्या तशा इकडं राहिल्या नाहीत. मला विचाराल तर त्याचं कारण बेदाणा. उन्हाळ्याच्या तोंडावर इथली हवा कोरडी. पाण्यात पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल कालवायचं, घड त्यात बुडवून शेडमधल्या जाळीवर पसरायचे. सालीवरचं मेण सुटतं, पाणी उडून जातं, पंधरा-एक दिवसांत माल तयार. चार किलोला एक किलो उतरतो आणि तासगावच्या सौद्यात जातो. वाइनवाले ज्या सालीला पाणीही लागू देत नाहीत, ती आम्ही अशी धुऊन काढतो!

तरीही कुणाला हौस असेल, तर शिराजसारखी वाइनची जात वेगळी लावावी आणि घेणाऱ्याशी दराचा कागद आधी करावा. थॉम्पसनचा दर पडला तर त्याचा बेदाणा करता येतो. शिराजचा तो बारका, बियांचा मणी खायच्या बाजारात कुणी विचारत नाही.