वेळास: टोपलीखाली काय होतं

मुलांना घेऊन वेळासला कासवं बघायला निघाला असाल तर आधीच सांगून ठेवते, दिसतीलच असं नाही. आम्हालाही हे होमस्टेच्या काकांनी फोनवर सांगितलं होतं. किनाऱ्यावर पोचल्यावर कासवमित्रांनी, म्हणजे कासवांची अंडी जपणाऱ्या गावातल्या मुलांनी, सगळ्यांसमोर मोठ्याने पुन्हा सांगितलं. तरी शनिवारी संध्याकाळी पुरलेल्या अंड्यांवर झाकलेली टोपली उचलल्यावर खाली नुसती वाळू निघाली, तेव्हा माझ्या शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "म्हणजे? मुंबईहून सात तास गाडी चालवत आलोय आम्ही!"

कासवांना हे कुणी कळवलं नव्हतं, त्याला काय करणार.

या गृहस्थांवर मी अजून चिडलेली आहे, आणि खरं तर त्यांच्यामुळेच लिहायला बसले. नाहीतर बाकीचं सगळं छानच होतं.

होळी नुकतीच झाली होती. आम्ही चौघं आणि सासूबाई (त्यांना मी आई म्हणते) असे पुण्याहून भल्या पहाटे निघालो. ताम्हिणीतल्या वळणांनी धाकटीच्या पोटातलं सगळं बाहेर काढलं, त्यामुळे घाटातला वसंत मी बराचसा प्लास्टिकची पिशवी धरून पाहिला. एकही पान नसलेली सावर लालभडक फुललेली, तिच्यावर मैनांचा गोंधळ, मध्येच एखादा पांगारा. आई मागून "अगं तो बघ, तो बघ" म्हणत होत्या आणि मी पिशवीला गाठ मारत होते. माणगाव, म्हसळा, मग बागमांडला. तिथून गाडीसकट फेरीबोटीत चढून सावित्री ओलांडायची. या काठाला रायगड जिल्हा, त्या काठाला वेसवी, म्हणजे रत्नागिरी. आपण गाडीत, गाडी बोटीत आणि बोट पाण्यात, याचा थोरल्याला इतका आनंद झाला की वेसवीला उतरल्यावर "परत एकदा जाऊया ना" असं त्याने गंभीरपणे विचारलं.

वेळासला हॉटेलं शोधू नका. गावातल्या लोकांनीच आपल्या घरातल्या खोल्या पाहुण्यांसाठी काढून दिल्या आहेत. आमच्या काकूंच्या पडवीत झोपाळा होता, मागे नारळी-पोफळीचं आगर, आणि अंगण त्याच सकाळी शेणाने सारवलेलं, कारण शिमग्याची पालखी रविवारी त्यांच्याकडे यायची होती. जेवायला ओल्या काजूंची उसळ, तांदळाची भाकरी, सोलकढी. थोरल्याने पानातले काजू वेचून खाल्ले आणि रस्सा वडिलांच्या वाटीत ओतला. गादी कडक होती, पंखा आवाज करत होता, मोबाइलला रेंज नव्हती. त्यातल्या शेवटच्या गोष्टीबद्दल नवरा सोडून कुणाची तक्रार नव्हती.

नाना फडणवीसांचं मूळ गाव हेच. आईंना ते बघायचं होतं आणि मुलांना समुद्र. मुलं जिंकली.

किनाऱ्यावर सुरूच्या बनातून चालत जावं लागतं. वाळूत जाळीचं कुंपण घातलेली एक छोटी जागा आहे, ती हॅचरी. हिवाळ्यात रात्री ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या येतात, मागच्या पायांनी दीडेक फूट खड्डा खणतात, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालतात, वाळू लोटतात आणि निघून जातात. परत वळूनही बघत नाहीत. ती अंडी, पिंगपाँगच्या चेंडूसारखी पांढरी आणि गोल, पूर्वी कोल्हे आणि कुत्रे उकरायचे आणि त्यांच्याआधी माणसं न्यायची. आमच्या काकांनी लहानपणी खाल्लेली आहेत आणि ते तसं सरळ सांगतात. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने इथे काम सुरू केलं. तेव्हापासून पहाटे किनारा पालथा घालून माद्यांच्या खुणा शोधायच्या, अंडी हॅचरीत आणून तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरायची आणि वर टोपली झाकायची, हे काम गावातलीच मुलं करतात. त्यांना कासवमित्र म्हणतात. अंडी फुटायला ४५ ते ६० दिवस लागतात. कधी फुटणार याचा अंदाज असतो, वेळापत्रक नसतं. रोज सकाळी सात आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास टोपल्या उचलून बघायच्या, पिल्लं वर आलेली असतील तर पाण्यापासून काही अंतरावर वाळूत सोडायची. एवढाच तो कासव महोत्सव नावाचा कार्यक्रम.

शनिवारी संध्याकाळी काही नाही. रविवारी सकाळी गर्दी दुप्पट. दोरीच्या अलीकडे माणसांच्या रांगा, पुढच्या रांगेत मोठी माणसं हात उंच करून मोबाइल धरून उभी, आणि मुलं? मुलं मागे, लोकांच्या कमरांकडे बघत. कासवमित्र ओरडून सांगत होता, "लहान मुलांना पुढे बसवा, मोठ्यांनी मागे उभं राहा." ते बहुतेकांना दुसऱ्या कुणाला तरी सांगितल्यासारखं वाटत असावं.

मग मागे अडकलेल्या मुलांनी आपला उद्योग शोधला. ओहोटीची ओली वाळू होती आणि तिच्यावर हजारो बारीक गोळ्या, प्रत्येक बिळापासून निघालेल्या रेघांत मांडलेल्या. नखाएवढे खेकडे बिळातून बाहेर येत, वाळू तोंडात घेत, तिच्यातलं खाण्याजोगं तेवढं काढून उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकत आणि सावली पडली की गडप होत. धाकटी, आणखी एक चष्मेवाला मुलगा आणि दोन अनोळखी मुली असे चौघं पालथे झोपले, श्वास रोखून. सावली पाडायची नाही हे त्यांचं त्यांनीच ठरवलं. कुणीही शिकवलेलं नव्हतं. एक खेकडा बाहेर आला की चष्मेवाला बोट वर करायचा, आत गेला की खाली. मी तिथे किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. टोपलीकडे मी पाहिलंच नाही.

एवढ्यात सात तासवाले गृहस्थ आले. तो चष्मेवाला त्यांचाच. दंडाला धरून त्याला उठवलं, गुडघ्यांवरची वाळू झटकली आणि म्हणाले, "आपण कासवं बघायला आलोय ना? खेकडे काय बघत बसलायस?"

मुलगा काही बोलला नाही. बोट तेवढं वर होतं अजून.

मला त्या क्षणी त्यांना खूप काही सांगायचं होतं. आईंनी माझा पदर, म्हणजे ओढणी, मागून धरून ठेवली होती, त्यामुळे राहिलं. पण मुलांना घेऊन केलेल्या सगळ्या सहलींवरचं माझं मत त्या एका वाक्याने पक्कं झालं. आपण मुलांना दाखवायला नेतो. आपल्या मनात यादी असते आणि मुलांनी त्या यादीप्रमाणे आश्चर्यचकित व्हायचं असतं. ताजमहाल बघायला नेलं तर पोरगं तिथल्या खारीत रमतं आणि आपण तिकिटाचे पैसे मोजत बसतो.

टोपली तेव्हाही रिकामीच. गृहस्थ कासवमित्राला म्हणाले, "जरा उकरून बघा ना, आत असतील." विशीतला मुलगा होता तो. न चिडता म्हणाला, "असतीलही साहेब. पण अंड्यातून निघाल्यावर ती दोन-चार दिवस आतच असतात. पोटाला बलक असतो तो जिरवतात, मग सगळी मिळून वाळू खाली पाडत वर येतात. आपण उकरलं तर त्यांचं काम बिघडतं." त्यावर कुणीतरी मागून म्हणालं, "मग महोत्सव कशाला ठेवता?" दुपारपर्यंत निम्मं गाव रिकामं झालं. सोमवारी ऑफिसं होती.

आमच्याकडेही होती. नवऱ्याचं आणि माझं यावरून काय बोलणं झालं ते लिहीत नाही. राहिलो, एवढं पुरे. मधल्या वेळात बाणकोटचा किल्ला पाहिला, जांभ्या दगडाचा, समोर सावित्रीचं मुख. उन्हाने भाजून निघालो. मुलांना किल्ल्यापेक्षा वाटेतलं काजूचं झाड आवडलं. पिवळेलाल बोंडू खाऊन त्यांचे घसे खवखवले आणि कपड्यांवर पडलेले डाग अजून निघालेले नाहीत. बी मात्र काकूंनी हातातून काढून घेतली, तिचा चीक लागला तर कातडी सोलते म्हणून.

रविवारी संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलोच नाही. पालखी आली. लांबून खालूबाजा ऐकू यायला लागला तसा काकूंचा मुंबईचा मुलगा, जो दिवसभर झोपाळ्यावर मोबाइलमध्ये रेंज शोधत होता, एकदम उठून फेटा बांधून तयार. गावात निम्मी माणसं त्याच्यासारखी, शिमग्यापुरती आलेली चाकरमानी. सारवलेल्या खळ्यात पालखी खांद्यावरून नाचवली, काकूंनी देवीची ओटी भरली, आणि गाऱ्हाणं घालताना आमची नावं विचारून त्यात घातली. पाहुण्यांचीसुद्धा. आईंच्या डोळ्यांत पाणी आलं. धाकटी ढोलाला घाबरून त्यांच्या मांडीवर कानांवर हात ठेवून बसली, पण डोळे मिटले नाहीत तिने. रात्री जेवताना काकांनी सहज सांगितलं, "आज संध्याकाळी सुटली हो पिल्लं. साठेक असतील."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी भाकरीकडे.

सोमवारी सकाळी किनाऱ्यावर आम्ही, नाशिकचं एक जोडपं आणि कॉलेजची दोन मुलं, बस्स. दोरी होती पण तिची गरज नव्हती. कासवमित्राने टोपली उचलली, वाकून पाहिलं आणि धाकटीला हाताने खूण केली. अकरा होती. करडी-काळी, दोन इंचांचीही नसतील. टबातून वाळूवर ठेवली तशी थोडा वेळ तशीच पडून राहिली. मग एकाने पुढचा पाय मारला.

थेट पाण्यात का नाही सोडत, हे थोरल्याने विचारलं. कासवमित्र म्हणाला, वाळूवरून चालत जायला हवं, त्या चालण्यातच ती हा किनारा ओळखून ठेवतात असं मानतात. दहा-पंधरा वर्षांनी मादी अंडी घालायला इकडे फिरकते. मग त्याने ओडिशाच्या मादीची गोष्ट सांगितली. २०२१ मध्ये तिथे पायाला धातूचा बिल्ला लावलेली ती २०२५ च्या जानेवारीत इकडे गुहागरला अंडी घालताना सापडली. अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून. मला पुन्हा ते सात तास आठवले.

"हा मुलगा आहे की मुलगी?" धाकटीचा प्रश्न.

"बघून नाही कळत. वाळू किती तापते त्यावर ठरतं. जास्त तापली की माद्या जास्त."

धाकटी विचारात पडली. "म्हणजे उन्हात ठेवलं की मुलगी होते?"

"बाई गं," आई म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंना हे ठाऊक नव्हतं तेच बरं. आम्हाला अंगणात पाऊल टाकू दिलं नसतं."

कासवमित्र हसला आणि लगेच गंभीर होऊन पुढे धावला, कारण एक पिल्लू वाट सोडून भलतीकडे निघालं होतं आणि थोरल्याच्या पावलाच्या ठशात पडलं होतं. आपल्या टाचेचा ठसा त्याच्यासाठी चांगला खोल खड्डा. थोरला उचलायला वाकला. "हात नाही लावायचा. कायद्याने वाघाला जेवढं संरक्षण आहे तेवढंच याला आहे." थोरल्याचा हात तिथल्या तिथे थांबला. वाघाचं नाव काढल्यावर त्याला त्या पिल्लाबद्दल वेगळाच आदर वाटायला लागला. त्याने ठशाच्या काठाची वाळू बोटाने हळूच पाडून उतार करून दिला. कासवमित्राने ते बघून न बघितल्यासारखं केलं. पिल्लू चढलं, घसरलं, चढलं.

लाट आली, पुढच्या तिघांना घेऊन गेली आणि एकाला उताणं करून परत टाकलं. ते आपलं आपण सुलटं झालं. धाकटी प्रत्येकाला "टाटा" करत होती, आणि मला वाटतं तिने अकराच्या ऐवजी तेराला केला. नाशिकच्या जोडप्यातल्या बाई हुंदके देऊन रडत होत्या. का, ते मी विचारलं नाही. नवऱ्याने एकही फोटो काढला नाही हे मला घरी आल्यावर कळलं. बॅटरी संपली होती म्हणाला. असेलही.

परतीच्या वाटेवर धाकटी ताम्हिणीत पुन्हा ओकली. उरलेला वेळ एकाच चर्चेत गेला. मुलांची शाळा बुडली होती, आणि वर्गशिक्षिकांना चिठ्ठीत कारण काय लिहायचं? हा म्हणाला, सरळ ताप लिहू. थोरला म्हणाला, ताप नव्हता, खोटं नाही लिहायचं, कासवं लिहा. मी म्हटलं, कासवं लिहिली तर बाई मला बोलावून घेतील. आई म्हणाल्या, देवीची पालखी होती असं लिही, ते खोटंही नाही आणि त्याला कुणी काही बोलणारही नाही.

तेच लिहिलं.